जुना संगणक : काय हरवले ते आधी ओळखा

शाळा सोडल्याचे दाखले देण्याचे दिवस आले की शाळेच्या कार्यालयातील संगणकाला उसंत नसते. अशा वेळी दहा-बारा वर्षांपूर्वी टंकलिखित करून ठेवलेला दाखल्याचा नमुना उघडावा आणि पडद्यावर मराठी मजकुराऐवजी इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची निरर्थक गर्दी दिसावी, असा अनुभव अनेक शिक्षकांना आणि कारकुनांना येतो. कोठे संगणकाचा आवाज नाहीसा होतो, कोठे प्रिंटर ओळखला जात नाही, तर कोठे वर्गात नेहमी दाखविली जाणारी शैक्षणिक डीव्हीडी अचानक चालेनाशी होते. मग ओळखीचा एखादा उत्साही तरुण बोलाविला जातो. यंत्र पाहिले न पाहिले तोच तो सांगतो, "फॉरमॅट मारावा लागेल." दोन-तीन तासांत संगणक नव्यासारखा चालू लागतो; परंतु दाखल्यांचे नमुने, विद्यार्थ्यांच्या याद्या आणि दहा वर्षांचा पत्रव्यवहार त्याबरोबर पुसला गेलेला असतो.

ही हानी टाळता येण्याजोगी आहे. संगणक चालविणारी प्रणाली पुन्हा मिळते; तिची प्रत हवी तितक्या वेळा बसविता येते. आपण लिहिलेला मजकूर मात्र अन्य कोठेही नसतो. म्हणून जुन्या संगणकाची दुरुस्ती हाती घेताना पहिला प्रश्न 'प्रणाली कशी बदलावी' हा नसून 'नेमके काय हरवले आहे आणि का' हा असला पाहिजे.

कार्यप्रणाली म्हणजे काय

संगणकाचे यंत्र आणि त्यावर काम करणारा माणूस यांच्यामध्ये जी मूळ आज्ञावली असते, तिला कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. कळफलकावर दाबलेली कळ ओळखणे, पडद्यावर अक्षर उमटविणे, हार्ड डिस्कवर मजकूर साठविणे, प्रिंटरला कागद छापावयास सांगणे ही सर्व कामे तिच्याकडून होतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही आपल्या परिचयाची कार्यप्रणाली होय. लिनक्स ही दुसरी. टंकलेखनाची, हिशेबाची किंवा चित्रे पाहण्याची आज्ञावली कार्यप्रणालीच्या आधारावर चालते. यामुळे एखादी सोय दिसेनाशी झाली, तर दोष यंत्रात, कार्यप्रणालीत किंवा त्या विशिष्ट आज्ञावलीत, यांपैकी कोठेही असू शकतो. तिन्हींचा उपाय वेगळा आहे.

मराठी अक्षरे बिघडली असता

मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जात असल्यामुळे ही अडचण आपल्याकडे सर्वाधिक आढळते. बिघाड कोणत्या प्रकारचा आहे, हे पडद्यावर काय दिसते त्यावरून ओळखता येते.

मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरे व चिन्हे दिसत असतील, तर तो मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेला आहे असे समजावे. त्या काळी इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसविलेले असत. तो फॉन्ट संगणकात असेपर्यंत मराठी दिसते; तो गेला की त्याच क्रमांकांची इंग्रजी अक्षरे समोर येतात. मजकूर नष्ट झालेला नसतो. मूळ फॉन्ट पुन्हा बसविताच तो वाचता येतो. कार्यप्रणाली नव्याने बसविल्यास फॉन्ट पुसला जातो आणि अडचण सुटण्याऐवजी वाढते.

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील, तर मजकूर युनिकोड पद्धतीचा असून संगणकात देवनागरी फॉन्ट नाही, असा त्याचा अर्थ होतो. युनिकोड हे जगातील लिपींसाठी ठरविलेले समान क्रमांकन आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तीत देवनागरीला स्वतंत्र स्थान मिळाले. कोणताही देवनागरी युनिकोड फॉन्ट बसविला की हे चौकोन जाऊन अक्षरे दिसतात.

तिसऱ्या प्रकारात अक्षरे देवनागरीच असतात, पण ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या नंतर पडते आणि जोडाक्षरे सुटी होऊन त्यांच्यात हलन्ताचे पाय दिसतात. अक्षरांची जुळणी करणारी यंत्रणा बंद असल्याचे हे लक्षण होय. विंडोज एक्सपी या २००१ मधील प्रणालीत ही यंत्रणा आपोआप सुरू नसे. भाषांच्या विभागात जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे आणि प्रणालीची मूळ सीडी घालावी लागे. ही एक खूण न केल्यामुळे कित्येक संगणक मराठीसाठी निरुपयोगी समजले गेले. पुढच्या आवृत्त्यांत ही यंत्रणा पहिल्यापासूनच चालू असते. म्हणून तेथे असा दोष दिसल्यास तो बहुधा वापरात असलेल्या एखाद्या जुन्या आज्ञावलीचा असतो.

विंडोज १० मध्ये आणखी एक बदल झाला. ज्येष्ठ सुलेखनकार व कवी र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' हा फॉन्ट पूर्वी विंडोजबरोबर येत असे आणि असंख्य मराठी कागदपत्रे त्यात लिहिली गेली आहेत. विंडोज १० मध्ये निर्मला हा फॉन्ट मूळ संचात राहिला आणि मंगल ऐच्छिक संचात गेला. परिणामी जुना दाखला उघडतो, वाचताही येतो, परंतु ओळी सरकतात आणि एका पानाचा मजकूर दुसऱ्या पानावर जातो. यासाठी 'सेटिंग्ज', त्यातील 'ॲप्स' व पुढे 'ऑप्शनल फीचर्स' येथे जाऊन 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' हा संच इंटरनेटवरून घ्यावा. संगणकाच्या भाषांमध्ये मराठी जोडल्यासही हा संच येतो. काम काही मिनिटांचे आहे.

काढून टाकलेल्या आणि बंद ठेवलेल्या सोयी

काही सोयी हरविलेल्या नसतात. निर्मात्याने त्या काढलेल्या असतात. विंडोज ७ च्या बहुतेक आवृत्त्यांत डीव्हीडी पाहण्याची सोय होती. विंडोज ८ पासून ती मूळ संचातून वगळण्यात आली. शाळेचा संगणक विंडोज ७ वरून विंडोज १० वर नेल्यानंतर डीव्हीडी चालेनाशी झाली, तर चकती किंवा चकतीचा खण बिघडला असे लगेच मानू नये. व्हीएलसी ही विनामूल्य मिळणारी आज्ञावली बसविल्यास ती बहुधा पूर्ववत चालते. येथे विंडोज १० कितीही वेळा नव्याने बसविली, तरी नसलेली सोय परत येणार नाही.

काही सोयी संचात असतात, पण बंद ठेवलेल्या असतात. हिशेबाच्या किंवा कार्यालयीन कामाच्या अनेक जुन्या आज्ञावल्या 'डॉट नेट फ्रेमवर्क ३.५' मागतात. विंडोज १० मध्ये तो भाग आरंभी चालू नसतो. 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' या खिडकीत खूण करून तो चालू करता येतो.

याउलट एक मर्यादा अशी आहे की, ती ध्यानी न घेतल्यास पुनर्स्थापनेमुळेच नुकसान होते. विंडोज ३२-बिट आणि ६४-बिट अशा दोन प्रकारांत मिळत आली आहे. डॉस काळातील १६-बिट आज्ञावल्या ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाहीत. एखाद्या पतसंस्थेचा किंवा वाचनालयाचा जुना हिशेब अशा आज्ञावलीत असेल आणि दुरुस्ती करणाऱ्याने ३२-बिटच्या जागी ६४-बिट प्रणाली बसविली, तर नोंदी हार्ड डिस्कवर असूनही उघडता येत नाहीत. म्हणून मूळ प्रणाली कोणत्या प्रकारची होती, याची नोंद आधी घ्यावी.

दोष यंत्राचा असता

संगणकाच्या आतील मुख्य पट्टीवर घड्याळासाठी नाण्याच्या आकाराचा एक सेल असतो. बहुधा त्यावर सीआर-२०३२ असे लिहिलेले असते. काही वर्षांनी तो संपतो. मग वीजपुरवठा बंद करून संगणक पुन्हा सुरू करताच तारीख मागे जाते. ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्राची मुदत संगणकाच्या तारखेशी ताडून पाहतो आणि तारीख जुळली नाही की ती उघडण्यास नकार देतो. वापरणाऱ्यास वाटते की इंटरनेट बिघडले. अशा वेळी प्रथम पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. सेल बदलून तारीख नीट लावली की काम भागते.

आपल्या प्रदेशातील दमट हवा, पावसाळा आणि खिडकीतून येणारी धूळ यांचाही परिणाम होतो. पंख्यात धूळ साचली की यंत्र तापते आणि मध्येच बंद पडते. स्मृतिपट्टीच्या, म्हणजे रॅमच्या, टोकांवर गंज धरला तर संगणक सुरूच होत नाही. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला, तर मात्र कोणताही प्रयोग करू नये. तेवढ्यावर यंत्र बंद करून आतील मजकूर जाणकाराकडून काढून घ्यावा.

आवाज, जाळे किंवा प्रिंटर यांपैकी एकच गोष्ट गेली असेल, तर 'डिव्हाइस मॅनेजर' पाहावा. तेथे एखाद्या उपकरणापुढे पिवळे उद्गारचिन्ह असल्यास त्या उपकरणाचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालविणारी छोटी आज्ञावली, बसविलेला नाही किंवा बिघडला आहे असे समजावे. तो संगणकाच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून घ्यावा.

पुनर्स्थापना केव्हा करावी

वरील तपासणीनंतरही संगणक अतिशय मंद चालत असेल, वारंवार अडत असेल, त्यात विषाणू शिरला असेल किंवा प्रणालीचे मूळ भाग बिघडले असतील, तर पुनर्स्थापनेचा विचार करावा. तत्पूर्वी विंडोजमधील दोन उपाय करून पाहावेत. 'सिस्टीम रिस्टोर' ही सोय चालू ठेवलेली असल्यास प्रणाली मागील एखाद्या दिवसाच्या स्थितीत नेता येते. विंडोज १० मधील 'रिसेट धिस पीसी' या सोयीत स्वतःच्या फाइली राखून प्रणाली नव्याने बसविता येते. मात्र नंतर बसविलेल्या आज्ञावल्या त्यात निघून जातात, हे विसरू नये.

मंदपणाचे कारण पुष्कळदा जुनी फिरती हार्ड डिस्क हेच असते. तिच्या जागी एसएसडी बसविल्यास आणि रॅम वाढविल्यास जुना संगणकही बऱ्यापैकी वेगाने चालतो. हा खर्च नव्या संगणकाच्या किमतीपेक्षा पुष्कळच कमी आहे, आणि काढलेली जुनी डिस्क जशीच्या तशी जपून ठेवता येते, हा त्यातील दुसरा लाभ होय.

कोणती कार्यप्रणाली बसवावी

प्रत्येक कार्यप्रणालीचे आयुष्य ठरलेले असते. तिच्यातील सुरक्षेच्या उणिवा दूर करणाऱ्या दुरुस्त्या निर्माता काही वर्षे पुरवितो आणि नंतर थांबवितो. विंडोज एक्सपीचा हा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने सुमारे १५० देशांतील संगणकांतील मजकूर कुलूपबंद केला. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांना फटका बसला. हे उदाहरण विसरता कामा नये. आधार संपलेली प्रणाली एखाद्या जुन्या आज्ञावलीसाठी ठेवणे भागच असेल, तर तो संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवावा.

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि ठरावीक पिढीपुढील प्रक्रियक लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे, म्हणजे २०१७ नंतर बाजारात आलेले प्रक्रियक या यादीत येतात. त्यापूर्वीच्या संगणकांसाठी लिनक्स हा विचारात घेण्याजोगा पर्याय आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या केंद्रीय संस्थेने 'बॉस', म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स, ही लिनक्सवर आधारित प्रणाली २००७ मध्ये उपलब्ध केली. तीत भारतीय भाषांची सोय आहे. केरळमधील शाळांनी तर मुक्त प्रणालींचा वापर मोठ्या प्रमाणावर केला आहे. लिनक्सच्या अनेक प्रकारांची विशेष सोय अशी की, ती पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. हार्ड डिस्कला हात लावावा लागत नाही. प्रिंटर, जाळे आणि मराठी टंकलेखन नीट चालते की नाही, हे पाहून मग निर्णय घ्यावा. विंडोजसाठीच बनविलेल्या हिशेबाच्या आज्ञावल्या आणि डिजिटल स्वाक्षरीची साधने तेथे चालतीलच असे नाही, ही गोष्ट कार्यालयांनी लक्षात ठेवावी.

पूर्वतयारी

पुनर्स्थापनेतील खरे काम पूर्वतयारीचे असते. पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात.

एक : सर्व मजकुराच्या दोन राखीव प्रती दोन वेगळ्या साधनांवर घ्याव्यात. केवळ 'डॉक्युमेंट्स' नव्हे, तर डेस्कटॉपवरील फाइली, उतरवून घेतलेल्या फाइली, छायाचित्रे, हिशेबाच्या आज्ञावलीतील नोंदी आणि ई-मेल यांचाही त्यांत समावेश असावा.

दोन : विंडोजमधील 'फॉन्ट्स' या कप्प्यातील सर्व जुने मराठी फॉन्ट जपून ठेवावेत. जुन्या टंकलेखन संचाची सीडी व त्याबरोबर आलेला डोंगल असेल, तर तोही शोधून ठेवावा.

तीन : राखीव प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत धरू नये.

चार : संगणकाचे मॉडेल, रॅम, ३२ किंवा ६४-बिट हा प्रकार, विंडोजची आवृत्ती, तसेच बसविलेल्या आज्ञावल्यांची यादी कागदावर लिहून घ्यावी. परवान्याची कळ जुन्या संगणकांवर चिटकविलेल्या पट्टीवर असते; तिचे छायाचित्र घ्यावे. ज्या संगणकावर विंडोज १० रीतसर चालू होती, तेथे तीच आवृत्ती पुन्हा बसविल्यास परवाना इंटरनेटवरून सहसा आपोआप ओळखला जातो. परवाना तोडून चालविलेल्या प्रती घेऊ नयेत. त्यांच्याबरोबर विषाणू येण्याचा धोका असतो.

पाच : जाळ्याचा ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावा. प्रणाली बसली पण इंटरनेट नाही, आणि इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, अशी कोंडी त्यामुळे टळते.

प्रत्यक्ष स्थापना

निदान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घेऊन त्यावर अधिकृत साधनाने स्थापनेचा संच तयार करावा. यात पेन ड्राइव्हवरील आधीचा मजकूर पुसला जातो. म्हणून राखीव प्रतीचाच पेन ड्राइव्ह चुकूनही वापरू नये. संगणक सुरू होताना एफ-१२, एफ-२, डिलीट किंवा एस्केप यांपैकी निर्मात्याने ठरविलेली कळ दाबून पेन ड्राइव्हवरून आरंभ करावा. काम पुरे होईपर्यंत वीज जाऊ नये याची काळजी घ्यावी. यूपीएस नसेल तर वादळी पावसाच्या दिवशी हे काम काढू नये.

हार्ड डिस्कचे भाग दाखविणारी खिडकी आली की थांबावे. तेथे 'सी' आणि 'डी' ही परिचित अक्षरे नसतात. केवळ डिस्कचा व भागाचा क्रमांक आणि आकार दिसतो. अनेक ठिकाणी 'डी' भागात शाळेचा किंवा पंचायतीचा सारा मजकूर असतो आणि तो याच पायरीवर पुसला जातो. म्हणून प्रत्येक भागाचा आकार आधी लिहून ठेवावा, बाहेरून जोडलेल्या सर्व डिस्क काढून ठेवाव्यात आणि खात्री झाल्यावाचून 'डिलीट' किंवा 'फॉरमॅट' हे शब्द दाबू नयेत.

त्यानंतरची तपासणी

प्रणाली बसल्यावर प्रथम ड्रायव्हर, नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या, मग मराठी भाषा व कळफलक, फॉन्ट, प्रिंटर आणि शेवटी आज्ञावल्या हा क्रम ठेवावा. विंडोजमधील मराठी कळफलक भारत सरकारने १९८६ मध्ये प्रमाणित केलेल्या इन्स्क्रिप्ट पद्धतीशी जुळतो. उच्चाराप्रमाणे रोमन कळांनी लिहिणाऱ्यांसाठी विंडोज १० च्या मे २०१९ मधील आवृत्तीपासून ध्वन्यात्मक मराठी कळफलकही मिळतो.

सर्व झाल्यावर एक जुना दाखला उघडावा, नवा मजकूर लिहावा, एक पान छापून पाहावे आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. एवढे सुरळीत झाले म्हणजे काम पूर्ण झाले असे समजावे. राखीव प्रती मात्र त्याच दिवशी पुसू नयेत.

जुन्या फॉन्टमधील मजकूर सवडीने युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे हे यापुढचे आवश्यक काम होय. रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि अंक मूळ मजकुराशी ताडून पाहावेत. विशेषतः नावे, जन्मतारखा आणि सर्व्हे क्रमांक. शाळेच्या नोंदवहीतील मुलांची नावे आणि पंचायतीच्या ठरावांतील शब्द हे त्या गावचे दस्तऐवज आहेत. कपाटातील जुन्या वह्यांना वाळवी लागू नये म्हणून जी काळजी घेतली जाते, तीच संगणकातील नोंदींची घेतली, तर यंत्र कितीही वेळा बदलले तरी गावाचे काही हरवणार नाही.